माचू पिचूची भिंत, मुक्काम रानमांगली

लिमा, पेरू
२२ जानेवारी १९७८

ती. रुपरावकाका आणि काकू यांना मधुकरचा नमस्कार.

तुमच्या ओसरीवरच्या ज्या कॅलेंडरचं एक पान तुम्ही सहा वर्षं कोणाला फाडू दिलं नाही, त्या पानावरचं डोंगरातलं दगडी गाव मी पाहून आलो. नागपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तुम्ही खिडकीची सळई धरून चालत म्हणाला होता, "गिरणी मागून पाहाजो, पयले थे गाव पाहाजो." अर्ध्या फलाटाने ते ऐकलं. त्यामुळे न जाऊन सुटका नव्हती.

काका, काय वर्णावं! दोन उत्तुंग शिखरांच्या मधोमध, घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखी जागा, आणि तीवर हे माचू पिचू. खाली दीड हजार फुटांवर उरुबांबा नदी तिन्ही बाजूंनी वळसा घालते. भोवती ढग, ढगांच्या वर गाव. पाचशे वर्षांपूर्वी इंका राजांनी ते बांधलं. देवळं, वाडे, पाण्याचे हौद, आणि उतारावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी शेतं. प्रत्येक शेताला दगडी भिंत. आणि नवल ऐका, कुठेही चुना नाही, सिमेंट नाही, साधी मातीसुद्धा नाही. दगडावर दगड असा बसवलाय की सांध्यात दाढीचं पातं शिरत नाही. भूकंप झाले, पाचशे पावसाळे गेले, एक दगड हललेला नाही.

बाकी इथल्या सूतगिरणीत सूत कातायच्या चात्या बसवण्याचं काम ठीक चाललं आहे. लिमात पाऊस पडत नाही. इथल्या घरांना पन्हळ हा प्रकारच नाही. छत्री ट्रंकेच्या तळाशी आहे.

आपला
मधुकर

*

मु. रानमांगली, ता. सावनेर, जि. नागपूर
१५ फेब्रुवारी १९७८

चि. मधुकर यास काकाकाकूंचा भरभरून आशीर्वाद.

तुझे पत्र ओसरीवर तीनदा मोठ्याने वाचले गेले. एकदा मी वाचले, एकदा शाळेच्या गुरुजींनी, आणि संध्याकाळी आपल्या सत्यवतीच्या सासरची माणसे आली म्हणून पुन्हा मी. मन भरून आले. आपल्या घरचा माणूस तिथे उभा राहून आला.

आता कामाचे लिहितो. वरच्या बगीच्याची हालत तुला माहीत आहे. उतारावरची माती दर पावसाळ्यात वाहून खाली गोठ्यात येते. मागच्या वर्षी म्हैस गुडघाभर चिखलात उभी होती आणि कडेच्या चाळीस संत्र्याच्या झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या. यंदा आणखी माती गेली तर ती चाळीस झाडे आडवी होतील. आठ वर्षांची झाडे आहेत, दोन वर्षांपासून कुठे बहार धरू लागली. साठ फूट लांब, सहा फूट उंच भिंत घातल्याशिवाय इलाज नाही. सिमेंटच्या परमिटला अर्ज करून तीन वर्षे झाली. परवा गेलो तर साहेब म्हणाले, भिंतीसाठी सिमेंट नाही, संडासासाठी आहे. मी विचारले, मग चौदा संडास एका रांगेत बांधतो, चालेल काय? साहेब हसले नाहीत.

तुझे पत्र वाचून माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यांनी ढगात गाव बांधले त्यांना सिमेंट लागले नाही, तर मला काहून लागावे? दगड आपल्याच टेकडीवर पडला आहे. दादाजी गवंडी यांना बोलावून पत्र ऐकवले. बारा गावच्या विहिरी बांधलेला माणूस, पण तोंड कसे आहे तुला ठाऊक आहे. सगळे ऐकून म्हणतो, "रुपराव, तुमच्या पुतण्यानं दगड पाह्यला का दगडाचा फोटू पाह्यला?"

मी म्हटले, "काहून गा?"

"दगडाच्या मांगं काय भरलं हे लिवलंच नाई त्यानं. भिंत मांगून पडते, समोरून नाई."

म्हणून लगेच कळव. भिंत ओळंब्यात सरळ उभी आहे की डोंगराकडे कललेली? मागे काय भरले आहे? पाणी निघायला भोके ठेवली आहेत काय? पाया किती खोल? तू हात लावून पाहिले असेलच, म्हणून तुला विचारतो. पावसाला चार महिने आहेत. तुझ्या पत्रावर काम अडले आहे.

तुझा
रुपराव काका

ता. क. काकू सांगते तसे लिहितो : "मधू, त्या लोकाइपाशी बैल होते का रे? नसन त मग शेती कशी करे? आन तू दुबया झाला का?"

*

लिमा
१० मार्च १९७८

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. दादाजींची शंका रास्त आहे, पण त्यांना सांगा की ही काही विहीर नव्हे. इंका लोकांची विद्याच वेगळी.

भिंती अगदी सरळ आहेत, ओळंब्यात. मागे निव्वळ डोंगराची माती. भोकं मला तरी कुठे दिसली नाहीत. सांधेच इतके घट्ट की पाणी आत शिरायचा प्रश्नच येत नाही. पाया बेताचा असावा. सगळी करामत दगड घासण्यात आहे. एक दगड दुसऱ्यावर घासून घासून बसवायचा, पातं शिरेनासं होईपर्यंत.

बैल नव्हते. काकूंना सांगा, मी दुबळा झालेलो नाही.

आपला
मधुकर

*

मु. रानमांगली
४ एप्रिल १९७८

चि. मधुकर यास आशीर्वाद.

तुझे पत्र अगदी वेळेवर मिळाले. त्याची वाट न पाहता पहिल्या पत्रावरच दगड घासणे सुरू केले होते; काम जोरात चालू आहे. अकरा फूट भिंत उभी झाली. पाते शिरत नाही. मी दाढीचे पाते धाग्याने भिंतीजवळच खुंटीला बांधून ठेवले आहे. येणाऱ्याने स्वतः खातरजमा करून घ्यावी. शेजारच्या तेलकामठी गावचे वामनराव येऊन पाहून गेले. पाच ठिकाणी पाते लावून पाहिले आणि काही न बोलता निघून गेले, यातच सर्व आले.

दादाजीचे गुडघे दुखत असल्याने तो सध्या येत नाही. हरकत नाही. तुझे पत्र हाताशी आहे.

चिंता नसावी.

रुपराव काका

*

महाल, नागपूर
९ एप्रिल १९७८

प्रिय मधू,

मुलांच्या परीक्षा आटोपल्या म्हणून चार दिवस रानमांगलीला जाऊन आले. तू काय करून ठेवलं आहेस याची तुला कल्पना आहे का?

काकांनी तुला कळवलं असेल की दादाजींचे गुडघे दुखतात. दादाजींचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. काकांनी त्यांना हाकललं. मी ओसरीवर होते तेव्हाच झालं हे. दादाजी म्हणाले, "रुपराव, भिंत डोंगराकडं झुकवा, बुडाशी भोकं ठेवा, मांगं कपच्या भरा. पानी आंदर कोंडलं त अकरा फूट काय, अकरा बोटं राहनार नाई." काकांनी तुझं पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. "माह्या पुतन्यानं डोयानं पाह्यलं. तू पाह्यलं का?" दादाजींनी ओळंब्याची दोरी गुंडाळली, थैलीत टाकली आणि म्हणाले, "जो पाहून आला त्यालेच बोलवा बांधाले." निघून गेले. चाळीस वर्षांची दोस्ती, मधू. रोज सकाळचा चहा दोघं एकत्र घेत. आता काका एकटेच चहा घेतात आणि दादाजी देवळाच्या पारावरून बघत असतात.

काका दोन गडी घेऊन दगड घासत बसले आहेत. सहा आठवड्यांत अकरा फूट. एकोणपन्नास बाकी. माझा हिशेब बरोबर असेल तर ती भिंत दिवाळीला पुरी होईल, आणि पाऊस दिवाळीपर्यंत थांबत नाही. भिंतीच्या खाली गोठा आहे. काकू मला मागच्या दारी नेऊन म्हणाली, "प्रेमिला, मले भिंतीचं भेव वाटते वं. तिच्याकडं पाह्यलं का थे माह्याकडंच पाहून राह्यली असं वाटते."

आता मला खरं सांग. तुझं पहिलं पत्र मी वाचलं. "दोन उत्तुंग शिखरांच्या मधोमध." आपल्या घरात कोणी कधी उत्तुंग म्हटलेलं नाही. तू तिथे गेला होतास का?

मी सांगून काका ऐकणार नाहीत. ते म्हणतील, लिमाला मधू आहे का तू? तुझ्या हातचं पत्र आलं तरच ऐकतील. काय ते लवकर कर.

प्रेमिलाताई

*

लिमा
२९ एप्रिल १९७८

ताई,

नव्हतो गेलो.

निघालो होतो, एवढं तरी खरं मान. जानेवारीत कुस्कोपर्यंत पोचलो. ते शहर अकरा हजार फुटांवर आहे. विमानातून उतरलो आणि डोकं चातीसारखं फिरायला लागलं. जिना चढताना दर तिसऱ्या पायरीवर बसावं लागलं. तीन दिवस लॉजच्या खोलीत पडून होतो. लॉजची मालकीण, एक जाडजूड बाई, दर दोन तासांनी कुठल्यातरी पाल्याचा काढा आणून द्यायची आणि माझ्या कपाळाला हात लावून मान हलवायची. उशाशी कोणी विसरून गेलेलं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. उत्तुंग शिखरं त्यातली. दाढीचं पातंही त्यातलंच.

चौथ्या दिवशी परतीच्या विमानात बसलो. मग पत्र लिहायला घेतलं आणि स्टेशनवरचे काका आठवले. वाटलं, एक पत्र. कोणाचं काय बिघडणार आहे? वर्णन वाचून कोणी भिंत बांधत नाही. निदान सावनेर तालुक्यात नाही.

दुसरं पत्र मात्र नालायकपणाच होता. ओळंबा, भोकं, पाया, यातलं पुस्तकात काहीच नव्हतं. मी इथे अशा शहरात बसलोय जिथे पाऊस पडत नाही, आणि तिथे काकांना पाण्याबद्दल सल्ला दिला.

आज तार केली आहे : "काम थांबवा, पत्र मागून येते." जास्त काय लिहिणार? "मी खोटं बोललो" असं तारेत लिहिलं तर सावनेरच्या पोस्टापासून रानमांगलीपर्यंत सगळ्यांनी वाचल्यावर मग ते काकांना मिळेल. शिवाय नुसतं खोटं होतं एवढं कळवून काय उपयोग? खरं काय ते मला तरी कुठे माहीत आहे?

गिरणीतून दहा दिवसांची रजा घेतली आहे. परवा निघतो. काढा पिऊन, बसत, रांगत, कसाही जातो.

मधू

*

कुस्को
८ मे १९७८

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

आधी वाईट ते लिहितो. जानेवारीत मी माचू पिचूला गेलोच नव्हतो. कुस्कोला आजारी पडून परत फिरलो. पहिलं पत्र पुस्तकातून उतरवलं आणि दुसरं मनचं लिहिलं. दादाजींनी विचारलं होतं ना, दगड पाहिला का दगडाचा फोटो? मी फोटोसुद्धा नीट पाहिला नव्हता.

आता जाऊन आलो. दोन दिवस राहिलो. यातलं प्रत्येक वाक्य डोळ्यांनी पाहून किंवा हात लावून लिहिलेलं आहे.

पहिली लाज वाटण्याची गोष्ट ही की माचू पिचू कुस्कोपेक्षा तीन हजार फूट खाली आहे. जानेवारीत जिथे पडून होतो तिथून पुढे सगळा उतारच होता. कुस्कोतून निघताना मात्र गाडी आधी टेकडी चढते. थोडी पुढे जाते, मग मागे येते, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, अशी. मला वाटलं, ड्रायव्हरचाही माझ्यासारखाच धीर होत नसावा. मग ती नदीच्या कडेने उतरू लागते, हवा ऊबदार होते, बर्फाचे डोंगर मागे पडतात आणि दाट झाडी सुरू होते. शेवटी बस नागमोडी रस्त्याने वर नेते.

वर पोचलो तेव्हा धुकं होतं. मला माझा हात दिसत होता, गाव नाही. तासभर एका दगडावर बसून राहिलो आणि मनात म्हटलं, झालं, आता काकांना लिहायचं की दुसऱ्यांदा गेलो आणि दुसऱ्यांदाही दिसलं नाही. मग धुकं खालून वर उठलं. आधी एक शेत दिसलं, मग त्याच्या वरचं, मग घरांच्या त्रिकोणी भिंती, आणि सगळ्यात शेवटी मागचा सुळका. काका, कॅलेंडरमध्ये आवाज नाही. नदी इतकी खाली आहे, पण तिचा आवाज भिंतीभिंतीतून वर येत असतो. आणि कॅलेंडरमध्ये हेही कळत नाही की गाव डोंगरावर ठेवलेलं नाही, डोंगरातून काढलेलं आहे. जिथे मोठा खडक आला तिथे त्यांनी तो फोडला नाही, त्याच्यावरच भिंत चढवली. एका ठिकाणी खडक कुठे संपला आणि गवंड्याचं काम कुठे सुरू झालं ते मला बोट फिरवूनसुद्धा सापडलं नाही.

आता भिंतीचं. ज्या सांध्यात पातं शिरत नाही ते सांधे फक्त देवळांचे आणि राजाच्या घराचे. शेतांच्या भिंती ओबडधोबड आहेत. नाल्यातून उचलावेत तसे दगड, मोठ्यात लहान बसवलेले, आणि फटीत माती. तुम्ही ज्या सांध्यासाठी दगड घासत बसलात तो देवासाठी केलेला सांधा आहे. संत्र्यासाठी त्यांनीही केला नसता.

एकही भिंत ओळंब्यात नाही. शेताच्या भिंतीला टाचा लावून ताठ उभा राहिलो, तर डोक्याच्या मागे आठ बोटं जागा. सगळ्या भिंती डोंगराकडे रेललेल्या. बुडाशी पाण्याला वाटा आहेत. मी एकीत कोपरापर्यंत हात घातला. ओली होती.

मागे काय भरलंय, हेही पाहिलं. एक शेत खचलं होतं आणि चार माणसं ते उघडून दुरुस्त करत होती. वर हात-दीडहात काळी माती, तिच्याखाली वाळू, मग बारीक खडी, आणि तळाशी दगड नि गवंड्यांनी फोडलेल्या कपच्या. पाणी वरून पडतं, चाळत चाळत खाली जातं आणि वाटेने निघून जातं. भिंतीला ते ढकलतच नाही. त्या चौघांत एक म्हातारा होता. मुकादम काही सांगायचा, म्हातारा मान हलवून हो म्हणायचा आणि स्वतःचंच करायचा. मला दादाजी आठवले. मी खुणांनी विचारलं, भिंत मागून पडते का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की पाणी ओलं असतं का.

काकूंना सांगा, बैल नव्हते. माणसंच पायाने दाबायचं नांगरासारखं अवजार घेऊन जमीन उकरत. लामा नावाचं मेंढीहून उंच जनावर शेतांमध्ये चरतं. माझ्या शर्टाची बाही त्याने चावली.

काका, दादाजी जे बोलले ते शब्द न् शब्द बरोबर होतं. त्यांची माफी माझ्या वतीने मागा. तुमची मी कोणत्या तोंडाने मागू?

मधुकर

ता. क. हे पत्र कृपा करून ओसरीवर मोठ्याने वाचू नये.

*

मु. रानमांगली
२७ जून १९७८

चि. मधुकर यास,

आशीर्वाद द्यावा की न द्यावा याचा विचार दोन दिवस केला. देतो.

आधी तुझ्या तारेचे. तार म्हटल्यावर तुझ्या काकूने ती उघडायच्या आधीच रडायला सुरुवात केली. आजूबाजूच्या बायका आल्या, त्याही रडल्या. कांताबाईने तर तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला घेतल्या. गुरुजींनी वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांना थोडी निराशाच झाली असे मला वाटले. काम थांबवा, एवढेच. कोणते काम, हे नव्हते. मी भिंतही थांबवली, तशीही दादाजी गेल्यापासून ती अकरा फुटांच्या पुढे सरकली नव्हती, आणि, धोका नको म्हणून, विहिरीचा गाळ काढणेही थांबवले.

पत्र १ जूनला आले. तुझी शेवटची सूचना वाचली, पण शेवटी वाचली. पत्र शेवटून वाचायची आपल्या घरात रीत नाही. तार आल्यापासून सगळे गाव पत्राची वाट पाहून राहिले होते. ओसरीवर तीसेक माणूस. वामनराव तेलकामठीहून बंडीने आले होते. मी चष्मा लावला आणि घसा साफ करून खणखणीत आवाजात वाचले, "आधी वाईट ते लिहितो. जानेवारीत मी माचू पिचूला गेलोच नव्हतो."

मधुकर, तीसही माना एकदम कॅलेंडरकडे वळल्या.

वामनराव म्हणाले, "पुन्हा एकडाव वाचा, रुपराव. नीट ऐकू नाई आलं." त्यांना ऐकू आले होते. मला कागद खिशात घालून आत जावेसे वाटत होते. तेवढ्यात मागून दादाजीचा आवाज आला. तो कडुनिंबाखाली उभा होता, मला दिसला नव्हता. मला वाटले, आता हा हसणार, आणि याला हसायचा हक्क आहे. तो हसला नाही. म्हणाला, "थे जाऊ द्या. भोकं आहेत का लिवलं, तेवढं वाचा."

मी वाचले. भोके आहेत. कललेली आहे. कपच्या भरल्या आहेत. एकेक वाक्य वाचत गेलो आणि दादाजी एकेक पाऊल पुढे येत गेला. संपले तेव्हा तो ओसरीच्या पायरीवर बसला होता. लोकांकडे वळून म्हणाला, "पाचशे वर्सापयले मले कोनी इचारलं असन, ध्यानात नाई आता." मग काकूला म्हणाला, "रुखमाबाई, च्या मांडा. दोन कप." मधले दोन महिने झालेच नाहीत असा.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. वामनरावांनी गडी पाठवले, शेजारच्या गोपिका आणि जिजाबाई टोपल्यांनी खडी टाकत होत्या, काकू फटींत भरायला माती कालवत होती. घासणे नाही, पाते नाही. दादाजी नुसता दगडाकडे पाही आणि म्हणे, "तो नाई, त्याच्या बाजूचा." अकरा दिवसांत एकोणपन्नास फूट. सात भोके. मी टाचा लावून उभा राहिलो, डोक्यामागे आठ बोटे. दादाजी म्हणाला, "आठ काहून? नऊ हायेत." त्याला तुझ्या इंकांपेक्षा एक बोट जास्त पाहिजे होते.

आता माझे वाईट लिहितो. ती पहिली अकरा फूट भिंत दादाजी पाडा म्हणत होता. मी पाडू दिली नाही. सहा आठवडे घासली होती रे. तालुक्यात तसा सांधा कोणाच्या बापाने पाहिला नसेल. मी म्हटले, एवढी राहू दे. दादाजी म्हणाला, "राहू द्या. पन म्हशी काढा." आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने दोन्ही म्हशी सोडून स्वतःच्या अंगणात नेऊन बांधल्या.

पाऊस चौदा तारखेला लागला. दोन दिवस जोराचा पडला. मी आणि दादाजी एका छत्रीत उभे राहून पाहत होतो. एकोणपन्नास फुटांच्या सातही भोकांतून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी येऊ लागले. एक दगड हलला नाही. अकरा फुटांतून एक थेंबही आला नाही. पाते शिरत नव्हते, तिथे पाणी काय निघणार? सोळा तारखेला दुपारी तिचे पोट पुढे आले, गाभण गाईसारखे, आणि ती बसली. आवाज देवळापर्यंत गेला. गव्हाण गेली, गोठ्याची एक बाजू गेली, वरची दोन झाडे गेली. अडतीस उभी आहेत. म्हशींनी दादाजीच्या अंगणातून मान वर करून पाहिले आणि पुन्हा कडबा खाऊ लागल्या.

 दादाजीने छत्री माझ्या हातात दिली आणि तो म्हशींना पाणी दाखवायला गेला.

गावाने नावे ठेवली आहेत. उभ्या भिंतीला दादाजीची भिंत म्हणतात. पडलेल्या अकरा फुटांना मधुकरची भिंत म्हणतात. मी वाद घातला नाही. खरे तर पडलेल्या भिंतीत माझाही अर्धा वाटा आहे, पण ते मी गावात बोललेलो नाही. तुझ्या पत्रातून मला आणि माझ्या पत्रातून तुला कळले, तेवढे पुरे.

तिचे दगड तसेच पडले आहेत. गडी उचलायला आले होते, मी हात लावू दिला नाही. तेवढे अकरा फूट तू येऊन बांधायचे. दादाजी सांगेल तसे.

रुपराव काका

ता. क. काकू म्हणते : "थ्या जनावरानं नुसती बाहीच चावली ना? खरं लिव."

*

लिमा
२१ जुलै १९७८

ती. काकांना नमस्कार.

नुसती बाहीच चावली. काकूंना शपथेवर सांगा.

दिवाळीला महिनाभराची रजा मिळाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला उतरतो, तिथून ताईला घेऊन थेट रानमांगली. अकरा फूट बांधूनच परत येईन. दादाजींना सांगा, मी दगड उचलायला तयार आहे, पण गिरणीतल्या कामाने हात मऊ झालेत. इथे चामड्याचे हातमोजे चांगले मिळतात. एक जोड घेऊन येऊ का?

मधुकर

*

मु. रानमांगली
१४ ऑगस्ट १९७८

चि. मधुकर यास आशीर्वाद.

हातमोजे घालून दगड उचलणारा माणूस आमच्या गावाने अजून पाहिलेला नाही. जरूर आण. वामनराव बंडी जुंपून पाहायला येतो म्हणाले.

रुपराव काका